परिचारिकेची नोकरी : पगाराचा आकडा आणि खाटांचा हिशेब

खास प्रतिनिधी

पुनावळे : पिंपरी-चिंचवड शहराच्या पश्चिम टोकाचे पुनावळे १९९७ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आले, तेव्हा ते पवनेकाठचे शेतीचे गाव होते. पुढे हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान संकुल विस्तारले, मुंबई-बंगळुरू महामार्गालगतच्या जमिनींना भाव आला आणि शेतांच्या जागी गृहसंकुले उभी राहिली. वस्तीमागोमाग दवाखाने आले, प्रसूतिगृहे आली, वीस-तीस खाटांची रुग्णालये आली. रावेत, ताथवडे, वाकड या शेजारच्या भागांतही हेच घडले. या साऱ्यांना डॉक्टरांइतकीच, किंबहुना त्याहून अधिक निकड असते ती प्रशिक्षित परिचारिकांची. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर आणि थेट केरळातून पदविका वा पदवी घेऊन आलेल्या मुली येथे तिघी-चौघी मिळून सदनिका भाड्याने घेतात आणि नोकरी शोधू लागतात. रुग्णसेवेतील मुलगेही त्यांत असतात. वॉर्डात त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात.

नोकरीचा तुटवडा ही त्यांची अडचण नाही. अडचण आहे ती निवडीची. एका ठिकाणी पगार दोन हजारांनी जास्त, पण पाळी बारा तासांची. दुसऱ्या ठिकाणी पाळी आठ तासांची, पण वॉर्डात मदतीला मावशी नाही. तिसरीकडे नाव मोठे, पण नेमणूक कंत्राटदारामार्फत. कोणते रुग्णालय बरे, याचे उत्तर शोधायला या मुलींकडे एकच साधन असते, ते म्हणजे तेथे आधी काम केलेल्या मैत्रिणीचा शब्द. ज्या आकड्यांवरून दोन रुग्णालयांची खरी तुलना होऊ शकते, ते आकडे कोठेही जाहीर केले जात नाहीत. जो एकमेव आकडा उघडपणे सांगितला जातो, तो पगाराचा. आणि तुलनेच्या दृष्टीने तोच सर्वांत फसवा आहे. हा प्रश्न केवळ परिचारिकांच्या सोयीचा नाही. त्याचा संबंध खाटेवर पडलेल्या रुग्णाच्या जिवाशी आहे.

पर्याय अनेक, मोजपट्टी एकही नाही

पुनावळ्यात राहणाऱ्या परिचारिकेपुढे साधारण पाच प्रकारचे पर्याय असतात. पहिला महापालिकेचा. संत तुकारामनगरमधील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय हे सुमारे साडेसातशे खाटांचे, १९८९ पासून चालणारे पालिकेचे मुख्य रुग्णालय. त्याखेरीज थेरगाव, भोसरी, आकुर्डी, पिंपरी आणि चिंचवडगावात पालिकेची अन्य रुग्णालये आहेत. दुसरा पर्याय राज्य शासनाचा. त्यात औंधचे जिल्हा रुग्णालय जवळचे. तिसरा मोठ्या खासगी आणि धर्मादाय रुग्णालयांचा. थेरगावचे आदित्य बिर्ला स्मृती रुग्णालय २००६ मध्ये सुरू झाले, पिंपरीत डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. चौथा पर्याय महामार्गाच्या दुतर्फा वाढलेल्या छोट्या रुग्णालयांचा.

पाचवा पर्याय या औद्योगिक पट्ट्याचे वैशिष्ट्य म्हणावा असा आहे, तो म्हणजे कारखान्यातील वैद्यकीय कक्ष. पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात डॉक्टर व परिचारिकेसह उपचार कक्ष असलाच पाहिजे, हे बंधन १९४८ च्या कारखाने अधिनियमापासून चालत आले आहे. भोसरी, चाकण, तळेगावच्या कारखान्यांत म्हणूनच परिचारिका लागतात. तेथे कंपनीची बस असते, उपाहारगृह असते, एका वेळी वीस रुग्णांचे बीपी मोजण्याची धावपळ नसते. उलट बाजू अशी, की ही नेमणूक पुष्कळदा ठेकेदारामार्फत होते आणि वॉर्डातील हातखंडा काही वर्षांत मंदावतो. अतिदक्षता विभागात परत जायचे म्हटले, तर मुलाखतीत अनुभवाच्या त्या वर्षांचे मोल कमी धरले जाते.

इतक्या भिन्न ठिकाणांची तुलना करायची, तर काही समान मोजमाप हवे. विद्यार्थ्याला महाविद्यालय निवडताना मागील वर्षाची गुणमर्यादा कळते, प्राध्यापकांची मंजूर पदे कळतात. परिचारिकेला रुग्णालय निवडताना यातले काहीच कळत नाही.

वीस हजार आणि बावीस हजार

पगाराच्या आकड्यापासून सुरुवात करू. उदाहरणादाखल दोन रुग्णालये घ्या. एक दरमहा २० हजार रुपये देते, पाळी आठ तासांची, महिन्याला २६ दिवस. एकूण तास २०८ झाले. तासाला साधारण ९६ रुपये पडतात. दुसरे २२ हजार देते, दिवस तितकेच, पण पाळी बारा तासांची. तास ३१२ झाले. तासाला ७० रुपयांच्या आसपास. दोन हजार जास्त देणारे रुग्णालय प्रत्यक्षात तासामागे पाव रकमेहून अधिक कमी देत असते. मुलाखतीला बसलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीपुढे मात्र २० आणि २२ एवढेच आकडे असतात.

‘पगार’ या शब्दाच्या पोटातही बरेच काही दडलेले असते. भविष्य निर्वाह निधीत मालकाने भरायचा हिस्सा सांगितलेल्या आकड्यात धरला आहे की त्याच्यावर वेगळा आहे? वेतन २१ हजारांपर्यंत असेल आणि आस्थापना योजनेखाली येत असेल, तर कामगार राज्य विमा योजनेचे संरक्षण मिळायला हवे. त्याची नोंद झाली आहे का? गणवेशाचे, जेवणाचे, वसतिगृहाचे पैसे पगारातून कापले जातात का? रात्रपाळीचा भत्ता आहे का? सकाळ व दुपार प्रत्येकी सहा तास आणि रात्र बारा तास अशी विभागणी अनेक ठिकाणी रूढ आहे. तेथे महिन्यात किती ‘नाइट’ लागतात आणि त्यानंतरची सुटी हक्काची की ‘इनचार्ज सिस्टर’च्या मर्जीची, यावर त्या नोकरीचा खरा भार ठरतो.

यात प्रवासाचीही भर घालावी लागते. पुनावळ्याचा महामार्गाखालचा भुयारी मार्ग वाहतूक कोंडीसाठी कुप्रसिद्ध आहे. रात्री आठला पाळी संपली, हँडओव्हर देता-देता साडेआठ झाले, की घरी पोहोचेपर्यंत रात्र होते. रुग्णालयाची गाडी आहे की रिक्षाचे भाडे स्वतःच्या खिशातून, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही. घराजवळच्या छोट्या रुग्णालयात कमी पगारावर राहण्याचा निर्णय अनेकदा याच हिशेबातून होतो, आणि तो दर वेळी चुकीचा असतो असे नाही.

दहा वर्षांपूर्वीच्या शिफारशींचे काय झाले?

खासगी रुग्णालयांतील परिचारिकांना किती वेतन असावे, याबाबत देशात कोणताच निकष नाही, असा समज आहे. तो खरा नाही. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या स्थितीविषयी भारतीय प्रशिक्षित परिचारिका संघटनेने २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती. त्याच वर्षी बंधपत्रे, कमी वेतन आणि अडवून ठेवलेली प्रमाणपत्रे यांवरून मुंबई, दिल्ली आणि केरळमधील परिचारिका रस्त्यावर उतरल्या होत्या. न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी केंद्राला तज्ज्ञ समिती नेमण्यास सांगितले. समितीने जी रचना सुचवली, ती साधी आणि खाटांच्या संख्येशी जोडलेली होती.

दोनशेहून अधिक खाटा असतील, तर वेतन राज्य शासनाच्या समकक्ष परिचारिकेइतके. शंभर ते दोनशे खाटा असतील, तर त्याहून १० टक्क्यांपेक्षा कमी नको. पन्नास ते शंभर खाटांना २५ टक्क्यांपर्यंत सवलत. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा २० हजारांखाली वेतन नको. रजा, कामाचे तास, वैद्यकीय सुविधा, वाहतूक, निवास या गोष्टी शासकीय परिचारिकांना मिळतात तशाच असाव्यात, असेही समितीने म्हटले.

हे गणित महाराष्ट्राला लावून पाहण्यासारखे आहे. राज्याच्या सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४०० रुपये आहे. केवळ आरंभीचे मूळ वेतन धरले, महागाई भत्ता आणि घरभाडे बाजूला ठेवले, तरी दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात ३५,४००, शंभर ते दोनशे खाटांत किमान ३१,८६० आणि पन्नास ते शंभर खाटांत किमान २६,५५० रुपये होतात. भत्ते धरले तर आकडे बरेच वर जातात. नोकरी शोधणाऱ्या परिचारिकेने हे चार आकडे वहीत लिहून ठेवावेत. समोरच्या रुग्णालयाच्या खाटा मोजल्या, की ते शिफारशीच्या किती जवळ आहे वा किती दूर, हे तिला क्षणात कळेल.

मात्र शिफारस म्हणजे कायदा नव्हे. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. केरळात २०१७ मध्ये परिचारिकांनी मोठे आंदोलन केले आणि एप्रिल २०१८ मध्ये त्या राज्याने खासगी रुग्णालयांसाठी किमान वेतनाची अधिसूचना काढली; तिची सुरुवात २० हजारांपासून होती. महाराष्ट्रात खाटांशी वेतन जोडणारी अशी सक्ती अमलात आलेली नाही. आणि २०१६ मधील २० हजारांना आज तेव्हाइतकी किंमत उरलेली नाही, हे पुनावळ्यातील घरभाडे भरणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

एका पाळीत किती रुग्ण?

वेतनाहून महत्त्वाचा, पण मुलाखतीत क्वचितच विचारला जाणारा प्रश्न आहे तो रुग्णसंख्येचा. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रचलित निकष असे : अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका, अन्य रुग्णालयांत पाच खाटांमागे एक, अतिदक्षता विभागात खाटेमागे एक, शिवाय रजेवरील कर्मचाऱ्यांची जागा भरण्यासाठी ३० टक्के अधिक.

हे प्रमाण ऐकायला चांगले वाटते, पण ते हजेरीपटावरील एकूण संख्येचे आहे की प्रत्यक्ष पाळीतील, हे विचारल्यावाचून त्याला अर्थ नाही. पाच खाटांमागे एक परिचारिका नेमली आणि दिवसाच्या तीन पाळ्या केल्या, तर एका पाळीत पंधरा खाटांमागे एक परिचारिका उरते. कोणी आजारी पडली, कोणी प्रसूतिरजेवर गेली आणि राखीव ३० टक्के कागदावरच असतील, तर हीच संख्या वीस-पंचवीसवर जाते. म्हणून ‘तुमच्याकडे नर्स किती?’ असे न विचारता ‘मेडिकल वॉर्डात रात्रपाळीला एका नर्सकडे किती पेशंट असतात?’ असे विचारावे. जे रुग्णालय या प्रश्नाचे उत्तर सहज देते, तेथे निदान मोजदाद होते एवढे तरी कळते.

परदेशांत या विषयावर बरेच काम झाले आहे. अमेरिकेत लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास विख्यात आहे. परिचारिकेकडील रुग्णांत एकाने वाढ झाली, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. कॅलिफोर्निया राज्याने १९९९ मध्ये कायदा करून परिचारिका आणि रुग्ण यांचे प्रमाणच बांधून दिले. २००४ पासून ते अमलात आले. तेथे सर्वसाधारण वॉर्डात एका परिचारिकेकडे पाचांहून अधिक रुग्ण देता येत नाहीत, आणि हे प्रमाण प्रत्येक पाळीला लागू असते.

आपल्याकडे त्या आकड्यांची अपेक्षा आज कोणी करणार नाही. परंतु संख्येचा परिणाम इकडेही तोच होतो. पंचवीस रुग्णांची औषधे, इंजेक्शने, सलाइन, नोंदी आणि नातेवाइकांचे प्रश्न एकटीच्या अंगावर पडले, की सर्वांत आधी मागे पडते ते रुग्णाकडे नुसते पाहणे. श्वास जोरात चालला आहे, ओठ निळसर झाले आहेत, काल बोलणारा रुग्ण आज गप्प आहे, हे टिपण्यासाठी परिचारिका खाटेजवळ थांबावी लागते. शिवाय मामा-मावशी पुरेशा नसतील, तर रुग्णाला क्ष-किरण विभागात नेणे, चादरी बदलणे, औषधे आणणे ही कामेही तिच्याच माथी येतात. हे सारे कामाच्या वर्णनात लिहिलेले नसते.

चूक कोणाची, शिक्षा कोणाला

मनुष्यबळ आणि इमारतीची सुरक्षितता हा परिचारिकेच्या स्वतःच्या बचावाचाही प्रश्न आहे, हे २०२१ या वर्षाने दाखवून दिले. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू विभागाला आग लागून १० बालके दगावली. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्णांचा मृत्यू झाला. दोन्ही घटनांनंतर ज्यांच्यावर कारवाई झाली, त्यांत परिचारिका होत्या. अग्निसुरक्षा यंत्रणा, वीजजोडण्या आणि मंजूर पदे यांचे निर्णय परिचारिका घेत नाही. पण दुर्घटनेच्या रात्री हजेरीपटावर सही असते ती तिची.

नव्या ठिकाणी रुजू होण्यापूर्वी विभागाला दुसरा दरवाजा आहे का, अग्निशमन साधने कोठे आहेत, ती चालवण्याचे प्रशिक्षण दिले जाते का, हे पाहणे म्हणूनच शंकेखोरपणाचे लक्षण नव्हे. तसेच पदविकाधारक परिचारिकेसोबत पाळीत आणखी कोण असते, हेही विचारावे. छोट्या रुग्णालयांत दोन-तीन महिने काम शिकलेल्या मुलींनाही गणवेश घालून उभे केले जाते आणि रुग्ण त्यांनाही ‘सिस्टर’च म्हणतात. त्यांच्यामुळे प्रशिक्षित परिचारिकेचा भाव पडतो आणि त्यांच्या हातून झालेल्या चुकीची जबाबदारी मात्र नोंदणीकृत परिचारिकेकडे येते.

रात्रपाळीतील सुरक्षिततेचा विषय निघाला, की महाराष्ट्राला मुंबईच्या केईएम रुग्णालयातील अरुणा शानबाग यांचे स्मरण होते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच त्यांच्यावर अत्याचार झाला आणि १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंतची चार दशके तेथील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. कोलकात्यात ऑगस्ट २०२४ मध्ये रुग्णालयातच डॉक्टर तरुणीची हत्या झाल्यावर हा प्रश्न देशभर पुन्हा चर्चेत आला. कायदे आहेत. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसेविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१० चा कायदा परिचारिकांनाही संरक्षण देतो. तो गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक केले. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचे झाले. रुग्णालय पाहायला गेलेल्या उमेदवाराने भिंतीवर समितीच्या सदस्यांची नावे शोधावीत, कपडे बदलण्याची आणि रात्री टेकण्याची खोली पाहावी. या गोष्टी दहा मिनिटांत दिसतात आणि व्यवस्थापनाविषयी पुष्कळ काही सांगून जातात.

कायम की कंत्राटी?

‘सरकारी नोकरी मिळाली तर सोडू नकोस’ हा घरच्यांचा सल्ला अजूनही प्रमाण मानला जातो. तो कायम पदासाठी योग्यच आहे. पण शासकीय वा पालिकेच्या इमारतीत काम करणारी प्रत्येक परिचारिका कायम नसते. कोणी मानधनावर असते, कोणी राष्ट्रीय आरोग्य अभियानात, कोणी ठेकेदाराकडे. त्याच वॉर्डात, तेच काम करणाऱ्या दोघींच्या वेतनात मोठी तफावत असते.

करोनाच्या साथीत याचा अनुभव शहराने घेतला. २०२० मध्ये नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर मैदानावर सुमारे आठशे खाटांचे तात्पुरते रुग्णालय उभे राहिले, चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्येही करोना रुग्णालय सुरू झाले. परिचारिका मिळवण्यासाठी धावाधाव झाली. साथ ओसरली, तात्पुरती रुग्णालये बंद झाली आणि त्यांबरोबर तेथील नोकऱ्याही संपल्या. मे २०२२ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिकांनी जो संप केला, त्याच्या मुळाशी बाह्य संस्थेमार्फत पदे भरण्याच्या धोरणाला विरोध हेच प्रमुख कारण होते. २०२३ च्या अखेरीस आरोग्य अभियानातील कंत्राटी कर्मचाऱ्यांनी सेवेत कायम करण्यासाठी राज्यभर काम थांबवले होते.

खासगी क्षेत्रातही नियुक्तिपत्राचे महत्त्व वाढले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. कर्मचाऱ्याला लेखी नियुक्तिपत्र देणे आणि ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्यालाही एक वर्षाच्या सेवेनंतर उपदानाचा हक्क देणे, या त्यांतील परिचारिकांच्या दृष्टीने मोलाच्या तरतुदी आहेत. पूर्वी उपदानासाठी पाच वर्षे थांबावे लागे आणि दर दोन वर्षांनी रुग्णालय बदलणाऱ्या मुलीला ते कधीच मिळत नसे. कायदा कागदावरून वॉर्डापर्यंत यायला वेळ लागतो, हे खरे. पण पत्र हातात असेल तरच हक्क सांगता येतो. याच्या उलट, मूळ प्रमाणपत्रे ‘जमा’ करून घेणारे किंवा नोकरी सोडल्यास मोठी रक्कम भरण्याचे बंधपत्र लिहून मागणारे रुग्णालय आपल्याकडे माणसे टिकत नाहीत, हेच अप्रत्यक्षपणे कबूल करीत असते. प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात, मूळ प्रती आपल्याकडेच ठेवाव्यात.

पन्नास खाटांची अट

पहिली नोकरी निवडताना आणखी एक हिशेब पुष्कळजणींच्या ध्यानात उशिरा येतो. देशभरातील एम्स संस्थांसाठी परिचर्या अधिकाऱ्यांची जी सामाईक परीक्षा घेतली जाते, तिला पदविकाधारक उमेदवाराला बसायचे असेल, तर किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. पुनावळ्यातील तीस खाटांच्या रुग्णालयात तीन वर्षे मान मोडून काम केले, तरी या परीक्षेसाठी तो अनुभव शून्य ठरतो. पदवीधर परिचारिकेला ही अट नाही. पदविकाधारकांना आहे, आणि छोट्या रुग्णालयांत पदविकाधारकच मोठ्या संख्येने असतात.

परदेशी जाण्याच्या बाबतीतही हेच. आखाती देशांतील भरतीत अनुभव कोणत्या विभागातील आणि केवढ्या रुग्णालयातील, हे पाहिले जाते. जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळासाठी करार केला, त्यात परिचर्येचा समावेश आहे. अशा वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या मुलीला एनएबीएचचे मानांकन असलेल्या रुग्णालयातील नोंदींची शिस्त, अतिदक्षता विभागाचा सराव आणि विभागवार लिहिलेले अनुभव प्रमाणपत्र उपयोगी पडते. मानांकन म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सुखाची हमी मात्र नव्हे. तपासणीच्या काळात वह्या पूर्ण करण्यासाठी पाळीनंतर थांबावे लागणे, हाही त्याचाच एक भाग असतो.

म्हणजे ‘चांगले रुग्णालय’ ही प्रत्येकीसाठी एकच गोष्ट नाही. लहान मूल असलेल्या परिचारिकेला घराजवळचे, निश्चित पाळीचे रुग्णालय चांगले. एम्सची परीक्षा देऊ पाहणाऱ्या पदविकाधारकेला पन्नासहून अधिक खाटांचे. वडिलांचे कर्ज फेडणाऱ्या मुलीला आज हातात जास्त पैसे देणारे. तुलना ज्याची-त्याची निराळी असू द्यावी. पण ती करण्यासाठी लागणारी माहिती तरी सर्वांना सारखी मिळावी.

माहिती पालिकेकडे आहे

माहिती दिली तर काय घडते, याचे उदाहरण अमेरिकेतच सापडते. तेथे परिचारिकांचा तीव्र तुटवडा असताना काही रुग्णालयांत मात्र परिचारिका टिकून होत्या. असे का, याचा अभ्यास तेथील परिचर्या अकादमीने केला आणि १९८३ मध्ये अशी ४१ रुग्णालये शोधून काढली. लोहचुंबकाप्रमाणे परिचारिकांना आकर्षून घेणारी म्हणून त्यांना ‘मॅग्नेट’ हे नाव पडले. परिचारिकांचे मत निर्णयात घेतले जाणे, पुरेसे मनुष्यबळ आणि शिकण्याची संधी ही त्यांची समान वैशिष्ट्ये होती. पुढे त्यातून मानांकनाची पद्धत उभी राहिली आणि रुग्णालये ते मिळवण्यासाठी आपणहून धडपडू लागली.

आपल्याकडे त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. खासगी रुग्णालयांना १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली परवाना घ्यावा लागतो आणि पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत ही नोंदणी महापालिकेचा वैद्यकीय विभाग करतो. खाटा किती आणि पात्र परिचारिका किती, हा नोंदणी व नूतनीकरणाच्या कागदपत्रांचाच भाग असतो. पात्र मनुष्यबळ नसेल तर नोंदणी नाकारण्याचा अधिकारही कायद्याने दिला आहे. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावण्याचे बंधन २०२१ च्या सुधारित नियमांनी घातलेच आहे. त्या फलकाशेजारी ‘आज या पाळीत या वॉर्डात रुग्ण इतके, नोंदणीकृत परिचारिका इतक्या’ अशी एक ओळ वाढवायला खर्च येत नाही. पालिकेने आपल्या संकेतस्थळावर प्रत्येक नोंदणीकृत रुग्णालयाच्या खाटा आणि परिचारिकांची संख्या प्रसिद्ध केली, तर नोकरी शोधणाऱ्या मुलीला मैत्रिणीच्या शब्दावर विसंबावे लागणार नाही. सुरुवात पालिकेने स्वतःच्या रुग्णालयांपासून करावी.

छोट्या रुग्णालयांच्या चालकांची अडचणही समजून घ्यायला हवी. विमा कंपन्यांचे दर, जागेचे भाडे आणि बँकेचे हप्ते यांत त्यांचे गणित बसत नाही. मोठ्या रुग्णालयाइतका पगार ते देऊ शकत नाहीत. समितीने त्यांच्यासाठी खालचा स्तर ठेवला, तो याच कारणासाठी. परंतु वेळच्या वेळी पगार, लेखी पत्र, ठरलेली सुटी आणि पाळी संपल्यावर घरी जाऊ देणे, याला फार पैसे लागत नाहीत. दर सहा महिन्यांनी नवी परिचारिका शोधून तिला पहिल्यापासून शिकवण्याचा खर्च त्याहून अधिक आहे. ज्यांनी हे ओळखले, त्यांच्याकडे माणसे टिकतात, आणि रुग्णही त्याच परिचारिकेची चौकशी करीत परत येतात.

परिचारिका रुग्णालय निवडताना जे प्रश्न विचारते, तेच प्रश्न खरे तर रुग्णाच्या नातेवाइकाने विचारायला हवेत. रात्री या वॉर्डात किती जणी असतात? त्या नोंदणीकृत आहेत का? त्या किती तासांपासून कामावर आहेत? आपण मात्र खोली वातानुकूलित आहे का आणि विमा चालतो का, एवढेच विचारून अर्जावर सही करतो. पुनावळ्याच्या नव्या इमारतींतून राहणाऱ्या हजारो कुटुंबांना आज ना उद्या याच रुग्णालयांच्या पायऱ्या चढायच्या आहेत. तेथे भेटणारी परिचारिका बाराव्या तासाला उभी आहे की चौथ्या, हे जाणून घेण्याचा अधिकार त्यांनाही आहे. आणि ती माहिती देण्याचे साधन महापालिकेच्या हातात आजच आहे.